बुद्धाच्या पाठीमागची भिंत

बँकॉकला जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो बघताना मला दरवेळी एक गोष्ट खटकते. मूर्तीसमोर हात जोडलेला फोटो प्रत्येकाचा असतो, मूर्तीमागच्या भिंतीचा एकाचाही नसतो. आणि अख्खं विश्व असतं त्याच भिंतीवर!

बँकॉकच्याच थोनबुरी भागातल्या वाट दुसितारामसारख्या जुन्या देवळात जा. मागे रंगवलेलं असतं 'त्रैफूम', म्हणजे आपली त्रैभूमी, तीन लोकांचं विश्व. सुखोथाईच्या लिथाई राजाच्या नावावर असलेल्या, १३४५च्या सुमाराच्या ग्रंथातून थायलंडमध्ये रुजलेली ही कल्पना. मधोमध मेरू, दोन्ही बाजूंना उतरत्या उंचीचे सात-सात सुळके, खांबांसारखे. मुळात त्या मेरूभोवती गोल फिरणाऱ्या सात पर्वतरांगा; पण कांदा उभा चिरावा तसं चित्रकाराने विश्व चिरून दाखवलंय. माथ्यावर इंद्राचा तेहतीस देवांचा स्वर्ग, खाली हिमवंताचं अरण्य, तळाशी नरक. नरक रंगवताना या लोकांचा हात भलताच मोकळा सुटतो, हे जाता जाता.

हे सगळं मागे का? माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. बुद्धाने या पसाऱ्याकडे पाठ फिरवलीय. नरकाकडे कोणीही फिरवेल हो, त्याने स्वर्गाकडेही फिरवलीय. त्याच्या नजरेसमोर, दारावरच्या भिंतीवर आहे मार, म्हणजे बुद्धाला मोहात पाडायला आलेला शत्रू, आणि त्याची फौज. (काही देवळांत या फौजेत टोपीवाले गोरे शिपाईही घुसवलेत!) मधे धरणीमाता केस पिळतेय. बुद्धाने जन्मोजन्मी दान देताना जे उदक सोडलं, ते तिच्या केसांत साठलेलं. त्याच्याच पुरात मार वाहून जातो. 'उदक सोडणे' ज्या भाषेत आहे, त्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भवचक्र, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याचं चित्र, व्हरांड्यातच भेटतं, आत शिरण्याआधी. इथे विश्वाचं चित्र बघायला मूर्तीला वळसा घालावा लागतो. म्हणूनच या चित्रांची नुसती छायाचित्रं छापलेली पुस्तकं मला अर्धवट वाटतात. भिंत कळते, पाठ कळत नाही.

आणि साहित्य बघा. काशिदाच्या पाल्याच्या पाण्याने भिंत धुवून तिचा खार काढायचा. मग हळद लावून बघायची: लाल झाली तर चुना अजून जिवंत, आणखी धुवा. हळद-चुन्याचं कुंकू ठाऊक असलेल्या आपल्याला यात नवल ते काय! मग चिंचोक्याच्या खळीत पांढरी माती कालवून अस्तर, आणि रंगात कवठाचा डिंक.

एवढं करूनही बँकॉकच्या दमट जमिनीपुढे इलाज चालत नाही. ओल खालून वर चढते. म्हणजे झडायची पहिली पाळी नरकाची.