‘व्याकरण सोडा, इंग्रजी आपोआप येईल’ : खरंच येईल?

इंग्रजी शिकण्याबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. शब्द बदलतात, सार तेच. लहान मूल व्याकरण शिकून बोलत नाही, इंग्रज माणूसही शिकत नाही. व्याकरणाच्या नादी लागलं की बोलताना अडखळायला होतं. म्हणून नुसतं ऐका, बिनधास्त बोला, समोरच्याला कळलं म्हणजे झालं. लोकांना हे पटकन पटतं, कारण व्याकरणाच्या नावाखाली शाळेत जे सोसलं त्याचा राग अजून गेलेला नाही. राग रास्त आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

‘मूल कुठे व्याकरण शिकतं?’

शिकतं की! पुस्तकातून नाही, एवढंच. मराठी मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं, इंग्रजी मूल ‘ब्रॉट’ऐवजी ‘ब्रिंग्ड’ म्हणतं. घरातलं मोठं माणूस तसं बोलत नाही. म्हणजे नियम मुलानेच शोधलेला असतो आणि उत्साहात सगळीकडे लावलेला असतो. भाषाअभ्यासक जीन बर्को यांचा १९५८चा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ‘वग’ सांगितलं आणि मग तसे दोन दाखवून विचारलं, आता हे काय? बहुतेक मुलं म्हणाली, ‘वग्ज’. जन्मात न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन त्यांनी बिनचूक केलं.

शिवाय वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही. मुलाच्या कानावर रोज दहा तास भाषा पडते असं धरलं, तरी चार वर्षांत साडेचौदा हजार तास होतात. रोज तासभर इंग्रजी ऐकणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठी चाळीस वर्षं लागतील. नियम शिकायचे ते याचसाठी, की तेवढी वाट बघायला लागू नये.

‘इंग्रज लोक तरी कुठे शिकतात?’

इंग्लंडच्या शाळांत मधली काही दशकं व्याकरण बरंच मागे पडलं होतं, हे खरं. पण २०१३पासून तिथे प्राथमिक शाळा संपताना व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंगची वेगळी परीक्षा आहे. दहा-अकरा वर्षांची, जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलं वाक्यातलं क्रियाविशेषण ओळखायला शिकतात. (त्यावर तिथले पालकही वैतागतात, तो भाग वेगळा.)

‘नुसतं ऐकत राहा, सगळं आपोआप बसेल’

खरी मेख या मुद्द्यात आहे. ऐकल्याशिवाय, वाचल्याशिवाय भाषा येत नाही, याबद्दल वाद नाही. पण नुसत्या ऐकण्याने काय येतं आणि काय येत नाही, हे बघण्यासारखं आहे.

रिचर्ड श्मिट या भाषाअभ्यासकाने १९८३ साली एका जपानी चित्रकाराबद्दल लिहिलं. लेखात त्याचं नाव ‘वेस’ आहे. तो हवाईत राहत होता, माणसांत रमणारा होता, दिवसभर इंग्रजी बोलत होता. तीनेक वर्षांत त्याचं बोलणं छान सुधारलं. गप्पा, विनोद, कामाचं बोलणं, सगळं. व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचंही असंच दिसलं. वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकून त्यांना ऐकलेलं-वाचलेलं उत्तम कळायचं, पण बोलण्या-लिहिण्यात क्रियापदांच्या आणि लिंगाच्या चुका तशाच.

कारण साधं आहे. ‘शी वर्क्स हिअर’मधला तो ‘स’ ऐकू आला काय, न आला काय, अर्थ कळतोच. मग कान त्याच्याकडे कशाला लक्ष देईल? ‘अ’ आणि ‘द’चंही तेच. मराठीत त्यांची जागाच नाही, त्यामुळे आपल्या कानाला ते नुसते खडखडल्यासारखे वाटतात. अमुक ठिकाणी लक्ष दे, असं कोणीतरी सांगावं लागतं. नियम नेमकं तेवढं काम करतो. एकदा तो ‘स’ दाखवून दिला की पुढच्या सिनेमात तो ऐकू यायला लागतो.

त्यात आपली मराठी गुपचूप मध्ये येते. ‘मी काल मेल पाठवला आहे’ हे शुद्ध मराठी वाक्य. ते तसंच उचललं की होतं, ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’. इंग्रजीत हे चालत नाही. ‘काल’सारखी संपलेली वेळ वाक्यात आली की ‘हॅव’ जातं: ‘आय सेंट द मेल यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव सेंट द मेल’ ठीक. ही चूक हजारो तास ऐकूनही टिकते, कारण बरोबर वाक्य रोज कानावर पडलं तरी ‘यस्टरडे’ आणि ‘हॅव’ कधी एकत्र येत नाहीत, हे आपोआप लक्षात येत नाही. जे ऐकूच येत नाही, त्याची दखल कान कशी घेणार? सांगायला मात्र दोन मिनिटं पुरतात.

‘व्याकरणाचा विचार केला की बोलताना अडखळायला होतं’

होतं, मान्य. वाक्य सुरू असताना काळ तपासत बसणारा माणूस ‘मी... मी...’ करत राहतो. व्याकरण शिकवण्यावर कडक टीका करणारे भाषाअभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनीही नियमांना एक काम दिलं आहे: वेळ असेल तेव्हा आपलंच वाक्य तपासून दुरुस्त करणं. लिहिताना तो वेळ असतोच. बोलताना नसतो, म्हणून तपासणी बोलून झाल्यावर करायची. दोन मिनिटं बोलून ते फोनवर रेकॉर्ड करा, मग ऐकताना फक्त क्रियापदांकडे कान ठेवा. बाकीचं सोडून द्या. एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा पकडली गेली की ती हळूहळू बोलतानाच जाणवायला लागते, आणि पुढे जिभेलाच वळण लागतं.

‘समोरच्याला कळलं म्हणजे झालं’

काय कळलं, ते विचारा. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही ती नोकरी सोडली. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हवं. ‘आय स्टॉप्ड टू टॉक टू हिम’ म्हणजे त्याच्याशी बोलायला थांबलो. ‘आय स्टॉप्ड टॉकिंग टू हिम’ म्हणजे बोलणंच बंद केलं. दोन्ही वाक्यं समोरच्याला व्यवस्थित कळतात. तुम्हाला म्हणायचं होतं तेच कळेल, याची खात्री नाही.

आता शाळेतल्या रागाबद्दल. ‘रिमूव्ह टू’, ‘चेंज द व्हॉइस’ वगैरे करून कोणी बोलायला शिकत नाही, हे त्या मजकुराचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. व्याख्या पाठ करणंही बाजूला ठेवा. पण क्रियापदांचे काळ घ्या, तेही सगळे नाही. रोजच्या बोलण्यात चार-पाचच लागतात. प्रश्न घ्या, कारण ‘डिड यू वेन्ट’ आणि ‘टेल मी व्हेअर इज ही’ या चुका तिथूनच येतात. ‘डिड’ आला की क्रियापद मूळ रूपात, आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम सरळ: ‘टेल मी व्हेअर ही इज’. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ नको, यासारख्या गोष्टी वाचताना टिपून ठेवल्या तरी भागतं. ‘अ’ आणि ‘द’ सगळ्यात शेवटी घ्या. ते पक्के व्हायला वर्षं जातात आणि बोलण्यात त्यांच्यावाचून फारसं अडत नाही. अर्ज किंवा अहवाल पाठवण्याआधी मात्र प्रत्येक नामापाशी थांबून त्यांच्यासाठी एक वेगळी नजर फिरवा.