कर्ज काढा, जीवशास्त्र शिका, हिशेबाचं नंतर बघू

जीवशास्त्राच्या पदवीसाठी कर्ज काढायचं ठरलं ना? अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: कागद-पेन्सिल हाताशी ठेवू नका. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणणाऱ्या जुन्या लोकांना अंथरुणासाठीही कर्ज मिळतं, हे ठाऊक नव्हतं.

सुरुवात कॉलेजच्या माहितीपत्रकापासून करा. मुखपृष्ठावर पांढरा कोट घातलेली मुलगी सूक्ष्मदर्शकात डोकावत असेल आणि शेजारच्या चंबूत निळंशार पाणी असेल. त्या पाण्यात काय आहे हे विचारू नका, फोटो काढणाऱ्यालाही माहीत नसतं. आत ‘सरासरी वार्षिक वेतन’ म्हणून एक ठळक आकडा सापडेल. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. एखादाच गलेलठ्ठ पगार सरासरीला कसा वर ओढतो आणि अशा वेळी मध्यक, म्हणजे ओळीने मांडलेल्या पगारांतला मधला आकडा, का बघायचा, हे पुढे जैवसांख्यिकीच्या पेपरात शिकवतीलच. तोवर फी भरून झालेली असेल. परिसंस्थेच्या प्रात्यक्षिकात हेही सांगतील की क्वाड्रॅट (आतली झाडं मोजायची चौकट) टाकायचा तो कुठेही, गवत दाट दिसेल तिथेच बघून नव्हे. पण पगाराचा फॉर्म नोकरी लागलेल्यांनीच भरून पाठवला, तर कॉलेजने काय करावं? बेकार मुलं मुळातच आळशी, साधा फॉर्मही भरत नाहीत.

मग बँकेत जा. ‘शिकत असेपर्यंत हप्ता नाही’ एवढं ऐकलं की लगेच उठा, कारण व्याजाचं वाक्य त्याच्या पुढचं असतं. समजा, तीन वर्षं दरवर्षीच्या सुरुवातीला 100 उचलले. चलन तुमच्या आवडीचं घ्या. व्याज 9 टक्के, तेही वर्षाअखेर मुद्दलात मिळवलं जाणारं, आणि पदवीनंतर आणखी एक वर्ष हप्त्याला सूट. पहिला हप्ता भरायच्या आत 300 चे 389 झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जेमतेम 5, म्हणजे एकूण सुमारे 592. उचललेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट. पण महिन्याला 5 ऐकायला किती बरं वाटतं! तेवढंच लक्षात ठेवा.

गंमत अशी की अशा वाढीचा आलेख तुम्हाला काढता येतो. ई. कोलाय जिवाणू चांगल्या माध्यमात साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात, त्यांची लॅग फेज (वाढ सुरू होण्याआधीचं रेंगाळणं), मग लॉग फेज (दुपटीवर दुप्पट), हे सगळं तुम्ही परीक्षेत पेन्सिलने रेखीव काढून पैकीच्या पैकी गुण मिळवाल. त्याच दिवसांत कर्ज लॉग फेजमध्ये असेल आणि पगार लॅग फेजमध्ये. हे दोन आलेख एका कागदावर काढायची दुर्बुद्धी मात्र सुचू देऊ नका. अभ्यासक्रमात नाही ते.

पदवी हाती आल्यावर नोकरी मिळेलच. मायक्रोपिपेटने थेंब मोजायचे, नळ्यांवर लेबलं चिकटवायची, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावायचा, पेट्री डिशवरच्या जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या. कामात अचूकपणा हवा आणि पगारात नम्रपणा. काही जाहिरातींत नवशिक्यांच्या जागेसाठी दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो मिळवायला बिनपगारी इंटर्नशिप करा, म्हणजे हप्ता भरायच्या वर्षीच कमाई शून्य. नाहीच जमलं तर औषध कंपनीची बॅग खांद्यावर घेऊन डॉक्टरांच्या दारात बसा. शाळेत मात्र कुणी विचारलं तर सांगायचं, ‘क्षेत्रातच आहे.’ पहिल्या पगारातून हप्ता वजा करून पाहणाऱ्या मित्राशी संबंध कमी करा. तो बारावीनंतर एखादं हाताचं काम शिकून कमवायला लागलेला असेल तर तोडूनच टाका.

घरच्यांनी कुरकुर केली तर थोरांची उदाहरणं द्या. डार्विन 1831 मध्ये ‘बीगल’ जहाजावर निघाला तेव्हा त्याला पगार नव्हता. खर्च वडिलांचा होता आणि वडील श्रीमंत होते, हा तपशील गाळा. मेंडेलने 1856 ते 1863 अशी वर्षं वाटाण्याची झाडं लावली, आनुवंशिकतेचे निष्कर्ष 1866 मध्ये छापले आणि खरी दाद मिळाली 1900 मध्ये, तो जाऊन 16 वर्षं झाल्यावर. मठात राहत होता, त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला त्याला कुणाचा मेसेज येत नव्हता.

आणि एवढं करूनही पगार हप्त्याला पुरेनासा झाला, तर एम.एस्सी. करा. शिकत असल्याचा दाखला दिला की बऱ्याच बँका हप्ते पुढे ढकलतात (व्याज नाही ढकलत, पण त्याला कोण विचारतंय). नवा कर्जाचा अर्ज जुन्यासारखाच असतो. जामीनदाराच्या रकान्यात वडिलांची सही घ्यायची आहे. ते चष्मा शोधायला उठले तर पेन पुढे करा आणि म्हणा, ‘बाबा, फक्त इथे, आत काही वाचण्यासारखं नाही.’