विमान कंपनी बुडवताना घ्यावयाची काळजी

विमान कंपनी काढावी कशी, हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. ती बुडवावी कशी, आणि बुडवताना स्वतःच्या सदऱ्याला पाणी कसं लागू देऊ नये, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. माझी लायकी विचाराल तर मी एसटीचा निवृत्त हेडक्लार्क. वडील इथंच सोलापुरात गिरणीत साचे चालवायचे, मुलगा विमान चालवतो. म्हणजे चालवायचा. बुडणाऱ्या कंपन्यांचा अनुभव घरात आहे आणि मला कागद जपून ठेवायची खोड आहे. एवढं भांडवल पुरे.

निमित्त मागच्या बुधवारचं. बुधवारी आमच्या भागात पाणी आलं. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. पिंप, बादल्या, कुकरसुद्धा मांडून मी नळाशी बसलो होतो आणि पोरगा मोबाइल घेऊन आला. "अप्पा, हे दोन मेल वाचा." दोन्ही त्याच्या कंपनीचे, एकाच दुपारी आलेले.

पहिला मेल पायलटांच्या संघटनेला दिलेलं उत्तर. संघटनेनं एवढंच विचारलं होतं की, सही झालेल्या करारात महिन्याला 70 तासांचा हमी पगार 7 तारखेच्या आत द्यायचा असं लिहिलंय, तर पाच महिने तो का नाही? उत्तर असं: "कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत असल्याने करारातील तरतुदींचे पालन सद्यःस्थितीच्या चौकटीत करण्यात येत आहे." दुसरा मेल खास पोराला. त्यानं राजीनामा दिला होता. त्याला कळवलं होतं की करार उभय पक्षांवर बंधनकारक असल्यामुळे सहा महिन्यांचा नोटिशीचा काळ पूर्ण करावा लागेल, तोवर दुसरीकडे जाण्यासाठी एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मिळणार नाही. दोन्हींच्या खाली "वॉर्म रिगार्ड्स".

पिंप भरून वाहत अंगणात गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. पाणी वाया घालवणारा माणूस सोलापुरात काय मनःस्थितीत असेल, हे तुम्हीच ओळखा.

तर काळजी पहिली: करार मोडू नका. मोडतात ते अडाणी. तो "चौकटीत पाळा". चौकट केवढी, हे तुम्हीच ठरवायचं असतं. अमेरिकेतले लोक या बाबतीत फार मागासलेले. 1983 साली कॉन्टिनेंटल एअरलाइन्सनं दिवाळखोरीचा अर्ज टाकला, पायलटांचे करार फाडले आणि तीनच दिवसांत जवळजवळ अर्ध्या पगारावर विमानं पुन्हा उडवली. झकास चाललं होतं. पण तिथल्या संसदेनं 1984 मध्ये कायद्यात कलम 1113 घातलं. आता तिकडे करार रद्द करायचा तर आधी संघटनेशी बोला, हिशेब दाखवा, मग न्यायाधीशासमोर उभे राहा. 2012 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला तर न्यायाधीशानं पहिल्या फेरीत परत पाठवलं, दुसऱ्या फेरीत परवानगी दिली. केवढा तो व्याप! आपल्याकडे एक मेल पुरतो.

काळजी दुसरी: संघटना काढणाऱ्याला घाईनं काढू नका. 2009 मध्ये जेट एअरवेजनं दोन पायलटांना काढून बघितलं. पाच दिवस शेकडो पायलट एकदम आजारी पडले.

कोर्टात मात्र वेळेवर जा. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कलम 14 नावाची मोठी सावली आहे. अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागते. वसुली थांबते, दावे थांबतात, तारण कुणाला ओढून नेता येत नाही. ही सावली कंपनीपुरती असते, हे पायलटच्या बापाला आधी सांगू नका. त्याला ते महिन्याच्या 5 तारखेला कळतंच. पोराच्या शिक्षणासाठी जुळे सोलापुरातलं घर गहाण टाकून 40 लाख काढलेत, त्याचा हप्ता त्या दिवशी जातो. मी बँकेत जाऊन विचारलं, "कंपनीला स्थगिती आहे, तर आम्हाला पण द्या की." साहेब हसले. चहा मात्र पाजला. बँकेनं कंपनीचं बुडीत कर्ज सोडून दिलं की त्याला हेअरकट म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या भागात याला हजामत म्हणतात आणि ती ज्याची होते तोच खुर्चीत बसलेला असतो.

कर्मचाऱ्यांना नेहमी "कुटुंब" म्हणा.

विमानांची काळजी घ्या. माणसांपेक्षा जास्त घ्या, कारण विमानाला मालक असतो. मे 2023 मध्ये गो फर्स्ट या विमान कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज टाकला तेव्हा भाड्यानं विमानं देणारे परदेशी मालक खवळले. स्थगितीमुळे त्यांची विमानं अडकली होती. विमानांच्या मालकांचे हक्क राखणारा केप टाउनचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो 2008 मध्ये मान्य केलेला आहे, तो पाळा म्हणून त्यांनी बोंब ठोकली. आणि बघा, आपलं सरकार कराराचं किती पक्कं आहे! ऑक्टोबर 2023 मध्ये अधिसूचना निघाली, विमानं आणि इंजिनं स्थगितीतून बाहेर. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 54 विमानांची नोंदणी पाच कामाच्या दिवसांत रद्द करायला सांगितलं, म्हणजे मालक ती घेऊन जायला मोकळे. पाच दिवस! इंजिनाला करार आहे. इंजिन चालवणाऱ्यालाही आहे, पण त्याच्या करारावर केप टाउनमध्ये सही झाली नव्हती, त्याची चूक.

पायलट कामगार आहे की अधिकारी, हा प्रश्न कायम लटकत ठेवा. कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटायची रांग कलम 53 मध्ये लावून दिलेली आहे. पहिला घास प्रक्रियेच्या खर्चाचा, म्हणजे सल्लागार, वकील वगैरे मंडळी पंगतीला आधी. मग कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी, तारण घेतलेल्या बँकांच्या मांडीला मांडी लावून. कामगार नसलेले कर्मचारी त्यांच्या मागे, तेही 12 महिन्यांपुरते. तेव्हा थकबाकी मागायला आला की त्याला "कॅप्टनसाहेब" म्हणा. जादा ड्युटी लावताना तो कामगार.

आता सगळ्यात महत्त्वाची काळजी, नोटिशीची. इथं हयगय केलीत तर कंपनी बुडवून काय उपयोग? डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा 2017 चा नियम आहे. कॅप्टननं नोकरी सोडताना एक वर्षाची नोटीस द्यायची, को-पायलटनं सहा महिन्यांची. का, तर पायलट तयार व्हायला वेळ लागतो आणि ते अचानक गेले तर प्रवाशांचे हाल होतात. पटण्यासारखं आहे. फक्त तुमच्या कंपनीचं एकही विमान उडत नाहीये, एकही प्रवासी नाहीये, ही किरकोळ बाब पोराच्या लक्षात आणून देऊ नका. "आपण लवकरच पुन्हा उड्डाण घेणार आहोत" असं दर पंधरा दिवसांनी कळवत राहा. म्हणजे तो घरात बसून राहील. तोही कसा बसतो, सांगतो. सकाळी उठतो, दाढी करतो, पांढरा शर्ट घालायची सवय मोडली नाही म्हणून तो घालतो आणि गॅलरीत लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदीची वही, घेऊन बसतो. 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर पायलटला तसंच प्रवाशांना घेऊन उडता येत नाही, आधी पुन्हा सराव करून दाखवावा लागतो. याच्या लॉगबुकातल्या शेवटच्या ओळीखालची पानं कोरी. मंडईत गेला तर शाळेतले दोस्त भेटतात, "काय बे पायलट, विमान कुठं लावलं?" आता होटगी रोडच्या विमानतळावरनं विमान उडतं. त्यासाठी 2023 च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, केवढा वाद झाला होता गावात, आठवतंय ना? ते विमान घरावरून जातं तेव्हा आमची ही पोळ्या टाकून बाहेर येते आणि बघते. हा बघत नाही. मान खाली घालून लॉगबुकावर रेघा मारत राहतो. दुसऱ्या कंपनीनं याला बोलावलंय. परीक्षा झाली, मुलाखत झाली. फक्त एक कागद हवाय, एनओसी. तो देत नाहीत, कारण करार! पगार पाच महिने नाही, आरोग्य विमा बंद, पीएफच्या पासबुकात शेवटची नोंद कधीची ते विचारू नका. पण नोटीस मात्र कराराप्रमाणे. आणि गंमत ऐका. त्याच डीजीसीएच्या नियमात पुढे लिहिलंय की नोटिशीच्या काळात कंपनीनं पगार कापला किंवा अटी बदलल्या तर पायलटला मुदतीआधी सोडा म्हणून मागणी करता येते. मी स्वतः वाचलंय, चष्मा लावून, दोनदा. एचआरच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडत नाही वाटतं.

असो. मी सल्ले देत होतो.

दाव्याचा फॉर्म सोपा ठेवू नका. फॉर्म डी नावाचा कागद असतो, कर्मचाऱ्यानं आपली थकबाकी त्यात मागायची. आमचा तिसऱ्यांदा परत आला. शेरा: "पगारपत्रके जोडलेली नाहीत." पगारपत्रकं कंपनीच्या पोर्टलवर. पोर्टल बंद. ते उघडायचं तर ओटीपी कंपनीच्या मेलवर. तो मेल विमानांच्या आधी बंद केलेला. सात रस्त्याजवळचा झेरॉक्सवाला आता मला बघितल्यावर न विचारता तीन-तीन प्रती काढतो.

वेळेची चिंता करू नका. कायद्यात प्रक्रिया 330 दिवसांत संपवायची असं आहे. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली, सर्वोच्च न्यायालयानं ती मोडीत काढायचा आदेश 7 नोव्हेंबर 2024 ला दिला. मोजा आता बोटं.

आणि शेवटी मन मोठं करा. जेट विकत घ्यायला निघालेल्यांनी 2021 मध्ये कर्मचाऱ्यांना काय देऊ केलं होतं, ते वहीत लिहून ठेवा. रोख 11,000. आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी 5,100. मुलांच्या फीसाठी 5,100. त्यांच्या वह्यापेन्सिलींसाठी 1,100. आणि मोबाइल रिचार्ज 500. एकूण 22,800 रुपये. लग्नात आहेराची वही असते ना, तशी यादी. पुढं पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या म्हणून कर्मचाऱ्यांना भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्या पाचशेच्या रिचार्जमध्ये वकिलाला किती फोन झाले असतील, देव जाणे.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लिक्विडेटरला, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या साहेबाला, "लिकडेटर" म्हणायचे. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण अण्णा भोंग्याच्या वेळेला उठायचे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हजेरीचं कार्ड, पीएफची चिठ्ठी आणि "आपला अर्ज विचाराधीन आहे" असं एक पत्र. तो डबा अजून माझ्याकडे आहे, आता त्यातच फॉर्म डी ठेवतो. पैसे आले ते अण्णा गेल्यावर, आणि जे आले त्यात त्यांचं तेरावंसुद्धा निघालं नाही.

पण एक गोष्ट परवा पाणी भरताना डोक्यात आली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. त्या गिरणीनं अण्णांना बुडवलं, तरी अडवलं नाही. गेटला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा अशोक चौकाकडे एका पद्मशाली मालकाच्या पॉवरलूमवर उभे होते. चादरी काढत होते. रोजी कमी होती, पण शनिवारी हातात पडत होती. त्या मालकानं गिरणीची एनओसी मागितली नाही आणि गिरणीनं सहा महिने घरी बसून वाट बघ म्हणून सांगितलं नाही.

आणि तुम्ही काय करताय? ज्यानं कुणी ते दोन मेल लिहिले त्याला विचारतोय, वाचकांनो, तुम्ही जरा बाजूला व्हा. पैसे नाहीत तुमच्याकडे, मान्य. इंजिनं बिघडली असतील, इंधन महागलं असेल, कर्ज डोईजड झालं असेल. पैसे नसणं म्हणजे काय हे सोलापूरला शिकवू नका. नाहीत तर नाहीत म्हणा ना! संघटनेला बोलवा, समोर बसा, इतके आहेत, इतके देऊ, बाकीचे बुडाले असं तोंडावर सांगा. शिव्या खा आणि उठा. पण एका मेलमध्ये संघटनेला सांगायचं की करार परिस्थितीप्रमाणे, आणि त्याच दुपारी दुसऱ्या मेलमध्ये पोराला सांगायचं की करार अक्षरशः? एकाच कागदावरच्या दोन सह्या, त्यातली तुमची पुसली आणि त्याची तेवढी राहिली? घरात बसवून एका पोराचं लायसन्स कुजवताय तुम्ही. तीस वर्षांचा मुलगा आहे तो. बापाच्या पेन्शनवर जेवतो आणि जेवताना दुसरी भाकरी घेत नाही. कळतं का तुम्हाला?

चौथा फॉर्म उद्या स्पीड पोस्टानं येतोय. त्याबरोबर माझं पत्रही आहे. उत्तर एका ओळीत द्या, पगाराची तारीख नाहीतर एनओसीची तारीख. आणि खाली ते वॉर्म रिगार्ड्स लिहू नका.