आंब्याच्या पेटीतला पेंढा कुंडीत भरण्याआधी

हापूसच्या पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप दरवर्षी फिरतो. भाद्रपदात गणपतीच्या मूर्तीभोवतीचा पेंढा उरला की तोच पुन्हा वर येतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "पेटीतला पेंढा फेकू नका. कुंडी अर्धी पेंढ्याने भरा, वर माती टाका. पंधरा दिवसांत त्याचं खत होतं, वेगळं खत लागत नाही. निचरा उत्तम होतो, पाणी निम्मं लागतं, तण उगवत नाही. पेंढा नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही."

पहिलं वाक्य बरोबर आहे. पेंढा फेकू नये, जाळू तर मुळीच नये. जाळला की नत्र (नायट्रोजन) धुरात जातं आणि राखेत मुख्यतः पालाश (पोटॅश) आणि सिलिका उरते. घोटाळा दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतो.

"पंधरा दिवसांत खत होतं."

होत नाही. भाताच्या पेंढ्यात कर्ब (कार्बन) साधारण ४० टक्के आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ७० ते ८० ला १. गव्हाच्या काडाचं त्याहून वर, कधी १०० पर्यंत. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींना २५ ते ३० ला १ मानवतं. शिवाय भाताच्या पेंढ्यात सिलिका बरीच असते, ती कुजण्याचा वेग आणखी कमी करते. ओलावा राखून, उलथापालथ करून अडीच-तीन महिने लागतात. नुसता पडू दिला तर सहा महिनेही.

पंधरा दिवसांचा आकडा बहुधा शेतातल्या धसकटांसाठीच्या जिवाणू-बुरशी कल्चरच्या जाहिरातींतून आला असावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा डिकंपोजर या धसकट कुजवणाऱ्या कल्चरलाही तीन आठवड्यांच्या वरच धरतात, आणि तेही धसकट ओल्या जमिनीत मिसळल्यावर. त्यातून काडी मऊ पडते, काळंभोर खत हाती येत नाही.

"वेगळं खत लागत नाही."

सगळ्यात जास्त झाडं या वाक्याने बसतात. पेंढ्यात कमी असलेलं नत्र सूक्ष्मजीव आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात. ते परत मिळतं, पण काही महिन्यांनी. तोवर कुंडीतलं झाड उपाशी. टोमॅटो, मिरची, वांगी, पालक यांवर दोन-तीन आठवड्यांत दिसतं: आधी सगळ्यात खालची जुनी पानं शिरांसकट एकसारखी फिकट पिवळी होतात, मग वाढ थबकते. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांत असेल आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाच्या कमतरतेचं दुखणं, पेंढ्याचं नव्हे. लोक मात्र दोन्ही वेळा कीड समजून फवारणी करतात.

हिशोब मांडला की निरोपातली चूक आकड्यांत दिसते. १२ इंची कुंडीत साधारण १४-१५ लिटर माल मावतो. ती अर्धी भरायला हाताने दाबलेला पेंढा ३०० ते ४०० ग्रॅम लागतो. एक किलो पेंढा नीट कुजायला वरून सुमारे ७ ग्रॅम नत्र लागतं, म्हणजे या कुंडीला अडीच ग्रॅमच्या आसपास. शेंगदाणा पेंडीत नत्र ७ टक्के धरलं तर ३५-४० ग्रॅम पेंड. ज्यांनी आधीच पेंढा भरला आहे त्यांनी एवढी पेंड तीन हप्त्यांत द्यावी: १२-१३ ग्रॅम एक लिटर पाण्यात दोन दिवस भिजवून, चौपट पाणी घालून, दर दहा दिवसांनी. सगळी एकदम घातली तर कुंडीत सडते, वास येतो, माश्या होतात. युरियाची चिमूट टाकायचा मोह आवरा. एवढ्याशा मातीत मुळं भाजतात.

हाच पेंढा मातीत न मिसळता मातीवर अंथरला तर नत्राची ओढाताण वरच्या पातळ थरापुरती राहते आणि मुळांपर्यंत पोचत नाही. द्राक्षबागांत वरंब्यावर उसाचं पाचट अंथरतात, खड्ड्यात कोंबत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. पालाश मात्र पेंढ्यात चांगलं असतं, टक्का-दीड टक्का, आणि ते पाण्याबरोबर लवकर सुटतं. तेव्हा पेंढ्याला पालाशाची जोड म्हणा, नत्राचं खत म्हणू नका.

खत करायचंच असेल तर ते कुंडीबाहेर करा. १०० लिटरचा ड्रम घ्या, तळाला आणि बाजूंना वीतभर अंतरावर बोटाएवढी भोकं पाडा. पेंढा ५ सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर भिजवा आणि निथळू द्या. एक किलो कोरड्या पेंढ्याला तीन किलो ओला स्वयंपाकघरातला कचरा, मूठभर पेंड आणि किलोभर ताज्या शेणाचा काला. थर पाच बोटांपेक्षा जाड नको. मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर जास्त पाणी, काहीच आलं नाही तर कमी. आठवड्यातून एकदा खालचं वर करा. आंबट वास आला तर हवा कमी आहे, नाकात झोंबणारा वास आला तर पेंढा वाढवा, काहीच घडत नसेल तर बहुतेक कोरडं पडलंय. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हेच होतं, म्हणून वर ओलं गोणपाट ठेवा. काडी ओळखू येईनाशी झाली आणि मातीचा वास आला की चाळा. एका वाटीत दहा मूग लावून पाहा. आठ-नऊ सरळ उगवले आणि पानं वळली नाहीत तर वापरा.

गोठ्यातली चगळ मिळत असेल तर काम आणखी सोपं. जनावरांनी खाऊन उरलेली, शेण-मुताने भिजलेली असल्याने तिच्यात नत्र मुळातच जास्त असतं.

"निचरा उत्तम होतो."

पहिले काही दिवस तसं वाटतं. पण बारीक मातीखाली जाड, पोकळ थर असला तर माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी खालच्या थरात उतरत नाही. म्हणजे ओल मुळांपाशीच अडते. पुढे तळाशी हवा नसल्याने पेंढा चिकट होतो, गटारासारखा वास येतो. त्याचं आकारमान घटत जातं, माती चार-चार बोटं खचते, झाड कलतं आणि मुळं तुटतात. निचऱ्यासाठी कुंडीची भोकं मोकळी हवीत आणि सगळं मिश्रण भुसभुशीत हवं. काळी माती असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा कंपोस्ट आणि तेवढंच भाताचं तूस. घोटीच्या भात गिरण्यांत ते मिळतं. तूसही कर्बाचंच, पण इतकं सावकाश कुजतं की नत्राची ओढ जाणवत नाही.

"पाणी निम्मं लागतं."

आच्छादनाने मातीवरून उडणारं पाणी वाचतं, पानांतून जाणारं नाही. भरलेल्या टोमॅटोच्या कुंडीत बहुतेक पाणी पानांवाटेच जातं. गच्चीवर पारा चाळिशीला टेकला की कुंडीच्या भिंतीही तापतात. उलट एक धोका वाढतो: कोरडा पेंढा वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी स्वतः पितो, त्यामुळे झारीचा हलका शिडकावा मातीपर्यंत पोचतच नाही. आच्छादन बाजूला सारून, दोन पेरं बोट मातीत घालून मगच ठरवा. ठिबकची नळी असेल तर ती पेंढ्याखाली घ्या.

जाडीही महत्त्वाची. वाफ्यात ५ ते ७ सेंटिमीटर, कुंडीत २ ते ३, आणि खोडापासून चार बोटं मोकळी जागा. थ्रेशरचा गव्हाचा भुसा निम्म्याच जाडीने टाका, तो भिजला की पापुद्र्यासारखा बसतो आणि पाणी वरून वाहून जातं.

"तण उगवत नाही."

भाताच्या पेंढ्यापुरतं बरंचसं खरं. लोंबीत राहिलेले दाणे उगवतात, चिमटीने उपटता येतात. वाळलेलं गवत मात्र वेगळं: ते बीसकट कापलेलं असतं, कुसळी आणि गाजर गवत त्यातूनच बागेत शिरतं. गरम ढिगात बी मरतं, पण त्यासाठी किमान घनमीटरभर ढीग ५५ अंशांवर काही दिवस राहायला हवा. ड्रम किंवा कुंडी तेवढी तापत नाही. फुलोऱ्यानंतर कापलेलं गवत घरच्या बागेत आणूच नका.

"अपाय काहीच नाही."

आंब्याची पेटी उलटी केल्यावर आधी पेंढा कागदावर पसरून चाळा. पिकवण्यासाठी ठेवलेल्या पुड्या त्यात सापडतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, तरी पुडी निघू शकते. फुटलेली पुडी दिसली तर तो पेंढा बागेत नको. पाणी लागल्यावर त्यातून ज्वलनशील वायू निघतो आणि खाली चुन्यासारखा अवशेष राहतो, ज्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात. इथिलीनच्या पुड्यांना परवानगी आहे, पण त्याही काढून टाका. सडका आंबा पेंढ्यात राहिला असेल तर फळमाशीच्या अळ्या मातीत उतरून कोश करतात.

कुबट वास असलेला, राखाडी बुरशीचा पेंढा घरात झटकू नका. दमा असणाऱ्यांनी तर लांबच राहावं. बाहेर, ओला करून, तोंडाला रुमाल बांधून हाताळा. असा पेंढा जनावरांनाही घालू नये.

पावसाळ्यात जाड आच्छादनाखाली गोगलगायी आणि शंखी दिवसभर लपतात आणि रात्री रोपं साफ करतात. जून ते सप्टेंबर थर निम्मा करा, पहाटे उचलून पाहा. वाळवी ओल्या पेंढ्यापेक्षा कोरड्या साठ्याकडे जास्त वळते, म्हणून उरलेली गोणी लाकडी चौकटीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि दिवाळीच्या आत गच्चीवरचा सगळा कोरडा पेंढा ड्रममध्ये घालून भिजवून टाका. शेजारच्या गच्चीवरून आलेला एक रॉकेट त्याला पुरतो.