क्वार्टर टाका, स्टिकर चिकटवा

टेक्ससमध्ये गॅस स्टेशन किंवा लाँड्री घेतलीत? अभिनंदन! आता मोकळा कोपरा दिसला की लगेच तिथे नाणं टाकून खेळायचं पिनबॉल मशीन आणून बसवा. गिऱ्हाईक रमेल आणि सरकारी तिजोरीचीही सोय होईल.

आधी हिशेब. मशीन तुमचंच आणि तुमच्याच दुकानात असेल, तर राज्याच्या कंट्रोलरकडे, म्हणजे कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षाची नोंदणी 150 डॉलर. वर दर मशीनमागे व्यवसाय कर 60. त्याच्या पाव हिश्शापर्यंत, म्हणजे 15 डॉलर शहर लावू शकतं, आणि तेवढेच काउंटीही. झाले 240. खेळ एका क्वार्टरचा, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याचा, असेल, तर पहिली 960 नाणी तुमची नव्हेतच. 961 व्या नाण्यापासून वीजबिल फेडायला लागा.

राज्याचा कर तिमाहीगणिक उतरतो: 60, 45, 30, 15. तेव्हा शहाण्याने मशीन ऑक्टोबरात आणावं.

नोंदणी नको असेल, तर ऑपरेटरचं, म्हणजे दुकानोदुकानी स्वतःची मशीनं ठेवणाऱ्याचं, मशीन ठेवा. गल्ला निम्मा-निम्मा, मनस्ताप सगळा तुमचा.

कर भरल्याचा स्टिकर मशीनच्या दर्शनी भागावर चिकटवा, आणि मग देवाचं नाव घ्या. कारण एक दिवस वाकलेलं नाणं अडकतं. ऑपरेटरचा माणूस परतीचा खटका चार वेळा दाबतो, नाणं हलत नाही, मग तो ट्रकमधून दुसरं मशीन उतरवतो. स्टिकर जुन्या मशीनबरोबर गेला. हे ऑपरेटरला आठवण्याआधी इन्स्पेक्टरला दिसतं, आणि लागलं सील! ते काढायचे शहर जास्तीत जास्त 5 डॉलर घेऊ शकतं. पण घेणार कोण? सील लावणारा पैसे घेत नाही, पैसे घेणाऱ्या खिडकीला सील काढता येत नाही. फॉर्मवर सिरियल नंबर हवा, तो मशीनच्या पाठीवर, आणि पाठ भिंतीला! शुक्रवारी सील लागलं की शनिवार-रविवारचा गल्ला गेलाच. स्वतः फोडाल तर गुन्हा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही तुमच्याच खर्चाने.

बक्षीस ठेवताय? रोख अजिबात नाही. वस्तूची ठोक किंमत एका खेळाच्या दहापट किंवा 5 डॉलर, यातलं जे कमी ते. म्हणजे क्वार्टरच्या खेळाला अडीच डॉलरचं अस्वल. पावती अस्वलापेक्षा जपा.

फक्त लहान मुलांसाठीचा डुलणारा घोडा ठेवा, त्याला हा कर नाही. कोकच्या मशीनलाही नाही.

पुरे झाली थट्टा. कर भरायला कोणाची ना नाही. पण काळ्या काचांमागे एट-लायनरवर, म्हणजे जुगाराच्या स्लॉट मशीनसारख्या मशीनवर, रात्रभर रोख वाटली जाते, ते दार ठोठावायला या इन्स्पेक्टर मंडळींच्या जिवावर येतं, आणि लाँड्रीतला पॅकमॅन बरा सापडतो! पंधरा डॉलर वसूल करायला पगारी माणूस, गाडी, पेट्रोल आणि सील खर्ची घालणाऱ्यांना हिशेब कोणी शिकवला? पैसे ऑनलाइन घ्या. जो सील लावतो, त्यानेच तिथल्या तिथे पाच डॉलर घेऊन ते काढावं. एवढं जमत नसेल, तर कर लावूच नका.

आणि दुकानदार मंडळी, तुम्हीही कमी नाही. शहराने याच कराचा आकडा 15 च्या वर लिहिला, तर मुकाट्याने चेक कसला फाडता? राज्याच्या ऑक्युपेशन्स कोडचं प्रकरण 2153 छापून खिडकीवर ठेवा, आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका.