जनरल मोटर्सला जीव लावणारे लोक

जनरल मोटर्सचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यांत निकाल लागतो. "अमेरिकन गाड्या पेट्रोल पितात" हे एक, आणि "कंपनीच पळून गेली, पार्ट कुठून आणणार?" हे दुसरं. दुसऱ्यात तथ्य आहे, पहिलं अर्धवट आहे. पण नुसत्या गाड्या वाईट होत्या म्हणून ही कंपनी घसरली, हे मला कधी पटलं नाही. या कंपनीने अधूनमधून अशा गाड्या काढल्या की लोक त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. त्या लोकांचं करायचं काय, हे मात्र कंपनीला कधीच उमगलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते सांगायला जरा मागे जावं लागेल. मी चिंचवडचा. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही शेजारचा माणूस गिअरबॉक्सवर बोलतो, त्यामुळे पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

कंपनी काढली विल्यम ड्युरंटने, १६ सप्टेंबर १९०८ ला. मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा हा घोडागाड्या बनवणारा माणूस. ब्युइक हातात होतीच. मग ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड असं दिसेल ते विकत घेत सुटला. फोर्डसुद्धा घ्यायला निघाला होता, पण हेन्री फोर्डने रोख पैसे मागितले आणि बँकांनी हात वर केले. १९१० मध्ये कर्जापायी बँकांनी त्यालाच बाजूला केलं. गडी गप्प बसणारा नव्हता. शर्यतीत गाड्या पळवणाऱ्या लुई शेव्हरोलेला हाताशी धरून १९११ मध्ये नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत काबीज केली आणि १९२० मध्ये पुन्हा घालवली. उतारवयात फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवायचा.

खरी कंपनी घडवली आल्फ्रेड स्लोनने. १९२३ मध्ये तो अध्यक्ष झाला तेव्हा फोर्डची मॉडेल टी सगळीकडे होती, स्वस्त आणि वर्षानुवर्षं तीच. स्लोनने शिडी लावली. पहिली नोकरी लागली की शेव्हरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्युइक, आणि आयुष्यात सगळं मनासारखं झालं तर कॅडिलॅक. हप्त्यांची सोय कंपनीचीच होती, १९१९ पासून. दरवर्षी गाडीचं रूप बदलायचं, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात नवी उभी राहिली की आपली जुनी दिसायला लागते. कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख चार्ल्स केटरिंग. हँडल मारून गाडी चालू करायच्या त्रासातून जगाला सोडवणारा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर त्याचा, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. एवढा मोठा माणूस, पण याच केटरिंगने १९२९ मध्ये उघड लिहिलं की गिऱ्हाईक असमाधानी राहिलं पाहिजे, तरच नवा माल खपेल.

मला वाटतं पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. विकलेली गाडी ही कंपनीच्या लेखी अडचणच होती, कारण ती पुढच्या गाडीच्या आड येत होती.

धंदा म्हणून हे जबरदस्त चाललं, नाकारण्यात अर्थ नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी जवळपास एक यांची होती. १९३१ पासून २००७ पर्यंत जगात पहिला नंबर यांचा. त्या वैभवात मजुरांचा वाटा होता आणि तो त्यांनी भांडून घेतला. डिसेंबर १९३६ मध्ये फ्लिंटचे कामगार कारखान्यात शिरून बसले ते ४४ दिवस हलले नाहीत. शेवटी कंपनीला युनियन मान्य करावी लागली. तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.

शिडी मोडायला लागली ती खर्च वाचवण्याच्या नादात. पाच ब्रँड, पाच किमती, आत माल हळूहळू एकच. एका कढईतली भाजी पाच वाट्यांत वाढून पाच दर लावावेत, तसं. १९७७ मध्ये काही ओल्ड्समोबिलवाल्यांनी गाडी सर्व्हिसिंगला दिली, तर ओल्ड्समोबिलचा ठरलेला पट्टा आणि फिल्टर बसेचना. मेकॅनिकने नीट पाहिलं. बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन! ज्या ओल्ड्समोबिलच्या 'रॉकेट' इंजिनाची जाहिरात वाचून लोकांनी जास्तीचे पैसे मोजले, ते इंजिन गाडीत नव्हतंच. इलिनॉय राज्याने दावा लावला. तडजोडीत गाडीमागे २०० डॉलर आणि वाढीव वॉरंटी देऊन मिटवलं.

आता शेव्हरोलेचं इंजिन काही वाईट नव्हतं. उलट अनेक मेकॅनिकांना तेच जास्त आवडायचं. पण आपण पंधरा वर्षं ज्या नावावर विश्वास ठेवला ते नाव आतून पोकळ आहे, हे कळल्यावर माणूस काय करेल? तो शेजारच्या टोयोटाच्या शोरूममध्ये जाऊन नुसतं बघून येतो. मग एक दिवस बघून परत येत नाही.

त्याआधी कॉर्व्हेअरचं प्रकरण झालंच होतं. मागे इंजिन असलेली ही गाडी वळणावर धोकादायक ठरते, असा आरोप राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने १९६५ मध्ये केला. कंपनीने त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटसमोर माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. हेर लावण्यापेक्षा मागचं सस्पेन्शन सुरुवातीलाच नीट करायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

पण माझा खरा राग आहे तो सॅटर्नवरून. जपान्यांना टक्कर द्यायला १९८५ मध्ये ही वेगळीच कंपनी काढली. टेनेसीमध्ये स्प्रिंग हिलला नवा कारखाना, युनियनशी नवा करार, १९९० मध्ये पहिली गाडी बाहेर. गाडी तशी साधीच. दरवाजांना प्लास्टिकचे पॅनेल, छोटा ओरखडा जाणवायचा नाही. शोरूममध्ये घासाघीस नाही, लिहिलेली किंमत तीच किंमत. गाडी ताब्यात देताना दुकानातली सगळी माणसं गोळा होऊन टाळ्या वाजवायची आणि गिऱ्हाइकाचा गाडीसोबत फोटो काढायची. आपल्याकडे आता प्रत्येक शोरूममध्ये हार घालून, पेढे देऊन, मोठ्या पुठ्ठ्याची चावी हातात देऊन फोटो काढतात ना, त्याच जातीचा सोहळा, फक्त तीसेक वर्षं आधी. १९९४ मध्ये कंपनीने गाडीवाल्यांना कारखाना बघायला बोलावलं, तर चाळीस हजारांहून जास्त लोक आपापल्या सॅटर्न घेऊन स्प्रिंग हिलला आले. सुट्टी टाकून, पोराबाळांसकट, आपली गाडी जिथे तयार झाली ती जागा बघायला! ही काही फेरारी नव्हे, कारकुना-मास्तरांची गाडी.

अशी माणसं मिळाल्यावर कंपनीने काय करावं? वर्षानुवर्षं नवं मॉडेलच दिलं नाही. बाकीच्या विभागांना सॅटर्नवरचा खर्च खुपत होता. पुढे दिली ती इतर ब्रँडच्या गाड्यांची भावंडं. २००९ मध्ये विकायचा प्रयत्न फसला आणि दुकान बंद झालं.

ईव्ही१ ची गोष्ट याहून विचित्र. १९९६ मध्ये, टेस्लाचं नावही नव्हतं तेव्हा, यांनी विजेवरची गाडी रस्त्यावर आणली. एकूण १,११७ बनवल्या, विकली एकही नाही. सगळ्या भाडेकरारावर. करार संपले तशा कंपनीने गाड्या परत घेतल्या. लोक म्हणत होते, वॉरंटी नको, पार्ट नकोत, गाडी राहू द्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात बर्बँकच्या आवारात शेवटच्या ७८ गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यासाठी लोकांनी कुंपणाबाहेर पहारा दिला आणि प्रत्येकी २४,००० डॉलर द्यायची तयारी दाखवली. कंपनीने त्या नेऊन चेपून टाकल्या. काही मोटर निकामी करून संग्रहालयांना दिल्या तेवढ्या वाचल्या. हिशेबाने कंपनीचं म्हणणं खरंही असेल, त्या गाडीत फायदा नव्हता. पण जाहिरातीवर अब्जावधी खर्चणाऱ्यांना, फुकटात पहारा देणाऱ्या माणसांची किंमत कळू नये?

१ जून २००९ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकन सरकारने जवळपास ५० अब्ज डॉलर ओतून ती उभी केली. पाँटियाक गेली, सॅटर्न गेली, हमर गेली. ओल्ड्समोबिल आधीच, २००४ मध्ये बंद झाली होती.

त्यानंतर तरी शहाणपण आलं असेल म्हणावं, तर २०१४ मध्ये चावीचं प्रकरण बाहेर आलं. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन अशा गाड्यांमध्ये इग्निशन स्विचची स्प्रिंग कमजोर होती. जुडग्यात जास्त किल्ल्या असल्या किंवा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत चावी एक खाच मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद आणि एअरबॅगही झोपलेल्या. तक्रारी दहा वर्षांपासून येत होत्या. दुरुस्तीचा भाग एका डॉलरपेक्षा कमी किमतीचा. एका इंजिनिअरने २००६ च्या सुमारास तो गुपचूप बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! ज्याने कधी वेंडरच्या स्टोअरमध्ये एक दिवस जरी काम केलंय, त्याला हे वाचून घाम फुटेल. भाग बदलला की नंबर बदलतो, ही पहिली शिकवण. नंबर तोच राहिल्याने जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक कुणाला कळेना. शेवटी जॉर्जियातल्या एका खटल्यात तज्ज्ञाने दोन स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कळलं. १९७७ मध्ये बॉनेट उघडल्यावर कळलं, इथे स्विच उघडल्यावर. कंपनीच्या भरपाई निधीनेच १२४ मृत्यू मान्य केले. २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आता आपल्याकडे येतो. १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली, १९५४ मध्ये ते बंद पडलं. दुसरी पाळी नव्वदच्या दशकात, गुजरातमध्ये हालोलला ओपेल ॲस्ट्रापासून. २००३ पासून शेव्हरोले. आणि २००८ मध्ये आपल्या तळेगावचा कारखाना. आमच्या भागात तेव्हा केवढं अप्रूप होतं! आयटीआय झालेली पोरं बायोडाटा घेऊन तळेगावकडे पळत होती.

गाड्यांबद्दल मालकांना विचाराल तर अजून भरभरून बोलतात. तवेरा मुळात इसुझूच्या घराण्यातली. शिर्डीची ट्रिप असो, वऱ्हाड असो, वडाप असो, नऊ-दहा माणसं आणि टपावर सामान घेऊन ती घाट चढायची. तवेरावाल्यांचं ठरलेलं वाक्य: "इंजिनाला हात लावायची वेळ येत नाही." क्रूझच्या डिझेल इंजिनाबद्दल तर पोरं असं बोलतात की जणू घरचं बैल-शर्यतीचं खोंड. ऑप्ट्रा आणि स्पार्क देवू या कोरियन कंपनीच्या वंशातल्या, पण कुणाला त्याचं वावडं नव्हतं. थोडक्यात, इथेही माणसं जमली होती.

२०१३ मध्ये उत्सर्जन चाचणीत कर्मचाऱ्यांनी गडबड केल्याचं निघालं आणि १ लाख १४ हजारांच्या आसपास तवेरा परत बोलवायची वेळ आली. १८ मे २०१७ ला कंपनीने भारतातली विक्री बंद करणार असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू राहील असं सांगितलं, पण जुन्या बाजारात किंमत काय राहणार? आदल्या महिन्यात ज्याने नवी गाडी घेतली त्याचं काय झालं असेल याचा विचार करा. तळेगावातून निर्यात २०२० च्या अखेरीपर्यंत चालली. मग हजारावर कामगारांचा प्रश्न कोर्टात गेला. चिनी ग्रेट वॉलला कारखाना विकायचा सौदा सीमेवरच्या तणावानंतर अडकला तो अडकलाच. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला.

हालोलची गंमत तर सांगायलाच हवी. तो कारखाना जनरल मोटर्सच्याच चिनी भागीदाराने घेतला आणि एमजी नावाने धंदा सुरू केला. तिथली पहिली गाडी हेक्टर. हीच गाडी लॅटिन अमेरिकेत काय नावाने विकली गेली? शेव्हरोले कॅप्टिव्हा. म्हणजे जी कंपनी "भारतात आपलं जमत नाही" म्हणून गेली, तिच्याच पंक्तीतली गाडी तिच्याच जुन्या कारखान्यातून निघून इथे धडाधड खपली, फक्त पुढचा बिल्ला वेगळा!

अमेरिकेत अजूनही हेच चालू आहे. बोल्ट ही त्यांची परवडणारी विजेची गाडी. बॅटरीला आगी लागल्या म्हणून सगळ्या परत बोलवाव्या लागल्या, तरी लोकांनी तिला सोडलं नाही. गाडी पुन्हा खपायला लागली तेवढ्यात २०२३ मध्ये यांनी ती बंद करायचं ठरवलं. ओरड झाली तेव्हा काही महिन्यांत "नवी बोल्ट आणतो" म्हणाले. आणि २०२४ मध्ये निघालं की गाडीवाला ब्रेक किती जोरात मारतो, वेग किती ठेवतो, ही माहिती कंपनीमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोचत होती. हप्ता का वाढला म्हणून लोक विचारायला गेले तेव्हा उलगडलं.

दर महिन्याला कुणीतरी इनबॉक्समध्ये विचारतं, जुनी क्रूझ स्वस्तात मिळतेय, घेऊ का? आधी तुमच्या मेकॅनिकला विचारा की त्याने क्रूझ उघडलीय का. नसेल तर सोडा. उघडली असेल तर टर्बो आणि क्लच त्याच्याकडून बघून घ्या, मागच्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं मागा आणि विकताना काही मिळेल ही आशा सोडून पैसे मोजा. डिझेल आहे, पुण्यात ठेवायची असेल तर पंधरा वर्षांच्या नोंदणीला किती उरलीत तेही मोजा.

आणि तळेगावच्या लाइनवर काम केलेलं कुणी वाचत असेल तर कमेंटमध्ये लिहा. बातम्यांपेक्षा तुमच्याकडून ऐकायला आवडेल.