खुलासा: कीवर्ड टॅगमध्ये १०० शब्द भरून पहिला नंबर लागत नाही

समुद्रपूर-हिंगणघाटकडच्या बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: "वेबसाइटच्या कीवर्ड टॅगमध्ये हळद, मसाला, ऑरगॅनिक असे १०० शब्द टाका, गूगलवर पहिला नंबर लागेल." हे खरं नाही. कीवर्ड टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये असलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी. क्रम लावताना तो टॅग आपण बघतच नाही, असं गूगलने स्वतः सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं आहे. आणि पानावर तेच तेच शब्द कोंबले तर ते स्पॅम धरलं जातं.

नुसत्या 'हळद' शब्दावर मोठ्या कंपन्या बसल्या आहेत. तिथे आपला निभाव लागणं कठीण. 'वायगाव हळद १ किलो घरपोच' असं शोधणारे थोडे, पण त्यांना घ्यायचीच असते. वायगावच्या हळदीला जीआय मानांकन (त्या भागातल्याच मालाला ते नाव, अशी सरकारी नोंद) आहे, म्हणून जिची हळद खरोखर तिथली, तिनेच ते नाव लावावं. वहिनीच्या साइटचं गूगल सर्च कन्सोल मी उघडून पाहिलं, तर कोणी 'हळद' लिहितं, कोणी 'हल्दी'. हे साधन फुकट आहे. गिऱ्हाईक कोणत्या शब्दांनी आलं ते तिथे दिसतं. कोणाला पैसे देण्याआधी एवढं बघाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ताईंनी पाठवला, त्यांनी भल्यासाठीच पाठवला; त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.